सात मैलांत चार इंच

१७९९ चा एप्रिल. श्रीरंगपट्टणाला वेढा घालायला निघालेल्या इंग्रज फौजेची एक तुकडी रात्रीच्या अंधारात चालली होती. जनरल डेव्हिड बेअर्ड तिच्यापुढे. आपली वाट बरोबर आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. विल्यम लॅम्बटन नावाच्या एका अधिकाऱ्याने मात्र आकाशाकडे पाहिले आणि जनरलला गाठून सांगितले, की तारे वेगळेच सांगताहेत. असेच पुढे गेलो तर थेट टिपूच्या गोटात पोचू. बेअर्डला हे आगाऊपण रुचले नाही. होकायंत्र पाहिल्यावर मात्र लॅम्बटनचेच खरे निघाले आणि तुकडी माघारी वळली.

टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख कंपनीच्या कह्यात आला, आणि ताऱ्यांवरून दिशा सांगणाऱ्या या माणसाने वरिष्ठांपुढे एक अजब योजना ठेवली. द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जमीन अशी मोजायची, की पृथ्वीच्या गोलाईचासुद्धा हिशेब त्यात यावा. त्याच्या ३३ व्या पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली. मराठी वाचकाला तो असईच्या लढाईमुळे ठाऊक आहे. वेलस्लीचा पाठिंबा मिळाला आणि १८०० च्या ऑक्टोबरात बंगळूरजवळच्या माळावर मोजणी सुरू झाली. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे गाव. केम्पेगौडांच्या बुरुजांनी आपल्या सीमा ओळखणारे. आता तिथे सात मैलांहून लांब अशी सरळ रेषा आखून साखळीने मोजली जात होती.

साखळीचा इतिहासही गमतीचा. शंभर फूट लांब, अडीच-अडीच फुटांचे चाळीस पोलादी दुवे. चीनच्या बादशहाला नजर करायच्या वस्तूंबरोबर ती १७९३ च्या इंग्रज वकिलातीने नेली होती. पेकिंगला तिचे काही चीज झाले नाही, आणि फिरत फिरत ती लॅम्बटनच्या हाती आली. अशी साखळी जमिनीवर टाकून ओढली की झाले, असे नाही. उन्हाने पोलाद लांबते. बारा किलोमीटरच्या रेषेवर तापमान एका सेल्सिअस अंशाने जरी चुकीचे धरले, तरी सबंध लांबीत पाच इंचांहून जास्त फरक पडतो. म्हणून पुढे लाकडी पन्हळीत साखळी ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, थर्मामीटर लावायचे आणि प्रत्येक मापासोबत उष्णतेची नोंद करायची, अशी रीत बसली. १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांच्या रेषेला सत्तावन्न दिवस लागले.

तिथून कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत मंडळी पुन्हा बंगळूरकडे आली. १८०४ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरनने बंगळूरजवळ नवी पायारेषा मोजली, ती पडताळ्यासाठी. मद्रासपासूनच्या त्रिकोणांनी जे उत्तर दिले आणि साखळीने जे दिले, त्यांत अंतर पडले चार इंचांपेक्षाही कमी. सात मैलांत चार इंच! त्याहून मोलाची गोष्ट अशी, की हे चार इंच लपवले गेले नाहीत. मापाशेजारी चूक मांडायची, ही त्या कामाची शिस्तच होती. चूक किती हे ठाऊक नसेल, तर माप कितीही अचूक वाटले तरी उपयोगाचे नाही. अंतर आणि पावले मोजणाऱ्या आजच्या मनगटी यंत्रांकडे पाहताना हाच मुद्दा पुन्हा पुन्हा आडवा येतो.

लॅम्बटनने उरलेले आयुष्य या त्रिकोणांत घालवले. कोन मोजायचा त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या घरातला. विलायतेहून येताना तो फ्रेंचांच्या तावडीत सापडला, मॉरिशसला गेला, आणि शास्त्रीय उपकरण आहे हे कळल्यावर तिथल्या गव्हर्नराने सौजन्याने पुढे पाठवला. १८२३ च्या जानेवारीत, हैदराबादहून नागपूरला जाताना, लॅम्बटन हिंगणघाटला वारला. वर्धा जिल्ह्यातल्या त्या कापसाच्या गावात त्याची कबर आहे. बंगळूरला सुरू झालेले माप विदर्भात येऊन थांबले, आणि जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे हिमालयाकडे नेले.

लॅम्बटनने सुरू केलेल्या याच सर्व्हेने चालणाऱ्या माणसाचेच यंत्र केले, हे फार जणांना माहीत नसते. तिबेटात गोऱ्या अधिकाऱ्याला प्रवेश नव्हता. म्हणून कुमाऊंच्या नैनसिंग रावतसारख्या पंडितांना तयार करण्यात आले. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी शंभर मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. असा जप करत नैनसिंग १८६५ मध्ये निघाला आणि ल्हासाला पोचला.

त्याच १८६५ नंतर बरोबर शंभर वर्षांनी जपानमध्ये कमरेला लावायचा एक पाऊलमापक बाजारात आला. त्याचे नावच ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मोजयंत्र. आज घड्याळे रोज संध्याकाळी ‘अजून अठराशे पावले बाकी’ म्हणून जी टोचणी लावतात, तो दहा हजारांचा आकडा तिथून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते, विक्रीची कल्पकता होती. नैनसिंगच्या माळेशी आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग. पण पंडिताची पावले मोजण्यामागे निदान नकाशा तरी होता.

जमीन मोजण्याची ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी काळ मोजण्याची, आणि ती बंगळूरच्या उत्तर टोकाला जलहळ्ळीत घडली. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, हा सरकारी कारखाना १९५३ चा; यंत्रे बनवणारी यंत्रे करणारा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे मनगटी घड्याळे होऊ लागली. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर ही नावे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. मॅट्रिक पास झालेल्या पोराला, बोहल्यावर चढणाऱ्या जावयाला, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना एचएमटीच द्यायचे. सकाळी अंघोळ झाली की घड्याळाला किल्ली द्यायची, आणि रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून काटा जुळवायचा.

काटा रोज जुळवावा लागे, कारण हे घड्याळ दिवसाला काही सेकंद पुढेमागे होणारच. सेकंदाला पाच टिकटिक करणारे चाक आणि एक नाजूक कमान. थंडी, ऊन, हाताचे हेलकावे सगळ्याचा त्याच्यावर परिणाम. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून केसाएवढी पट्टी ‘फास्ट’ किंवा ‘स्लो’कडे सरकवत. ऑफिसची बस चुकू नये एवढ्यासाठी ही अचूकता पुरेशी होती.

मग क्वार्ट्झ आले. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडूची सरकारी संस्था टिडको यांनी मिळून टायटन उभी केली. कारखाना सीमेपलीकडे होसूरला, कचेरी बंगळूरला, सूत्रे झर्क्सेस देसाईंच्या हाती. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर टायटनने सगळा डाव लावला. एचएमटी चाकांतच गुंतून राहिली, आणि क्वार्ट्झ करूनही तिला बाजार पुन्हा जिंकता आला नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. जलहळ्ळीत आता एचएमटीचे संग्रहालय आहे. मनगटावर जीपीएस बांधलेले लोक तिथे किल्लीची घड्याळे पाहायला येतात.

जलहळ्ळीला लागूनच पीण्या. १९७० च्या दशकात तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूने आर्यभट हा पहिला भारतीय उपग्रह बांधला. १९ एप्रिल १९७५ ला तो सोव्हिएत रॉकेटने वर गेला. जागेची इतकी टंचाई, की एका स्वच्छतागृहात फेरफार करून संदेश टिपण्याची सोय केली होती, असे त्या मंडळींच्या आठवणींत येते. घड्याळ आणि उपग्रह शहराच्या एकाच कोपऱ्यात तयार होत होते, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

संबंध होता, तो अमेरिकेत आधीच जुळला होता. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला, आणि त्याचा गाभा म्हणजे अणुघड्याळ. उपग्रह सतत एवढेच सांगतो, की मी अमुक जागी आहे आणि माझ्याकडे अमुक वाजले आहेत. संदेश यायला किती वेळ लागला, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे, की उपग्रहापासूनचे अंतर मिळाले. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली तर तीनशे मीटर घसरण. आजोबांची एचएमटी जनता दिवसाला अर्धा मिनिट मागे पडली आणि तिच्यावर विसंबून अंतर काढले, तर उत्तर नव्वद लाख किलोमीटरने चुकेल. चंद्र आहे त्याच्या तेवीसपट लांब.

मनगटावरच्या यंत्रात अणुघड्याळ मावत नाही. त्यात साधा स्फटिकच असतो, थोडाबहुत चुकणारा. म्हणून तीनऐवजी चार उपग्रह लागतात. तीन अज्ञात गोष्टी जागेच्या, चौथी स्वतःच्या घड्याळाची चूक. चार समीकरणे सोडवली की चारही उत्तरे हाती. आपली चूक आपणच शोधायची ही सोय लॅम्बटनला फार आवडली असती.

मनगटापर्यंत हे तंत्र पोचले ते १९९९ मध्ये, कॅसिओच्या एका प्रोट्रेक घड्याळातून. आकाराने ते काडेपेटीच्याही वरताण, आणि वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. तेव्हा अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत सरकलेली दिसे. अशा घड्याळाने धावपटूचा वेग मोजणे म्हणजे चेष्टाच. २ मे २००० पासून ती मिसळ बंद झाली, आणि तीनच वर्षांत गार्मिनचे फोररनर घड्याळ आले. फिनलंडच्या पोलरने हृदयाचे ठोके तारेशिवाय मनगटावर दाखवण्याची किमया १९८२ मध्येच केली होती. जागा आणि ठोके एका पट्ट्यात आले, तेव्हा आजचे स्पोर्ट्स वॉच तयार झाले.

१९९९ हेच कारगिलचेही वर्ष. त्या युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती भारताला नाकारली, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. तिचा तपशील काहीही असो, दुसऱ्याच्या घड्याळावर विसंबून राहू नये हा धडा दिल्लीने घेतला. २००६ मध्ये स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांना मंजुरी मिळाली. उपग्रह बांधायचे बंगळूरच्या केंद्रात, आणि त्यांचा काळ सांभाळायचा शहराबाहेर ब्यालाळूला. इस्रोचे दिशादर्शन केंद्र तिथे २०१३ च्या मे महिन्यात सुरू झाले. हायड्रोजन मेसर आणि सीझियमची अणुघड्याळे तिथे एकमेकांवर नजर ठेवून प्रणालीचा अधिकृत काळ ठरवतात. जलहळ्ळीची किल्ली बंद पडत होती त्याच काळात तासाभराच्या अंतरावर ही नवी टिकटिक चालू झाली.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये. पंतप्रधानांनी नाव दिले ‘नाविक’. आणि मग घड्याळांनीच दगा दिला. प्रत्येक उपग्रहात रुबिडियमची तीन अणुघड्याळे होती, स्वित्झर्लंडहून आणलेली. पहिल्या उपग्रहाची तिन्ही बंद पडली. उपग्रह ठणठणीत, सौरपंखे उघडलेले, संदेश जाताहेत. फक्त किती वाजले ते सांगता येत नाही, म्हणून दिशादर्शनाला बाद. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटच्या टोपणातच अडकून राहिला. इतर उपग्रहांतही घड्याळे एकेक करून थांबत गेली. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच अहमदाबादला तयार झालेले भारतीय रुबिडियम घड्याळ बसवले होते.

त्या उपग्रहात आणखी एक बदल होता, आणि मनगटाच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. नाविकचे आधीचे संदेश एल-५ आणि एस या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर जात. घड्याळातली चिप एवढीशी, बॅटरी त्याहून लहान, अँटेना चौकटीत कुठेतरी कोंबलेला. अशी बहुतेक यंत्रे जगभर एल-१ या एकाच पट्टीवर ऐकतात. म्हणजे बंगळूरच्या डोक्यावर बंगळूरचे उपग्रह असूनही बंगळूरकराचे घड्याळ अमेरिका, रशिया, युरोप आणि चीन यांचेच ऐकत होते. एनव्हीएस मालिकेने एल-१ घेतला. पण २९ जानेवारी २०२५ ला, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात गेलेला एनव्हीएस-०२ इंजिनापर्यंत ऑक्सिडायझर न पोचल्याने ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. त्या वर्षी जागा ठरवायला उपयोगी पडतील असे नाविकचे उपग्रह चारच उरले होते, आणि चार ही तर किमान गरज. देशाने यात मोठी मजल मारली हे खरे. पण ‘स्वदेशी जीपीएस आता आपल्या हातात’ असे मथळे छापणाऱ्यांनी हे चार एकदा मोजून पाहायला हवे होते.

इकडे शहर धावू लागले होते. २००८ च्या मे महिन्यात बंगळूरला पहिली वर्ल्ड टेन-के शर्यत झाली, आणि दहा किलोमीटर हे अंतर आयटीतल्या माणसांच्या तोंडी बसले. कब्बन पार्कमध्ये पहाटे घड्याळ वर धरून ‘सिग्नल’ची वाट पाहणारे घोळके दिसू लागले. शनिवार-रविवार नंदी हिल्सचा चढ सायकलने, नाहीतर सावनदुर्गाचा खडक पायी. घड्याळात वाटेची जीपीएक्स फाइल भरून घ्यायची आणि पडद्यावरच्या बारीक रेषेमागे जायचे. धुक्यात वाट चुकली, तर आलेल्या पावलांनीच परत नेणारी सोय त्यात असते. बेअर्डच्या हाती ती असती तर लॅम्बटनला तोंड उघडावे लागले नसते.

यंत्राच्या खोडी मात्र गावागणिक वेगळ्या. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर. उंची सांगायला घड्याळ हवेच्या दाबाचा आधार घेते, आणि इथे दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला वाटते माणूस नऊ मीटर चढला. मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग जमले की चहाच्या टपरीवर बसल्याबसल्या चढाई नोंदवली जाते. कब्बन पार्कच्या जुन्या झाडांखाली संदेश दुबळे होतात, एम. जी. रोडकडे काचेच्या इमारतींवरून ते उसळून येतात, लांबचा रस्ता धरून उशिरा पोचतात, आणि घड्याळ धावणाऱ्याला रस्त्यापलीकडच्या दुकानात नेऊन सोडते. एल-१ बरोबर एल-५ ऐकणारी घड्याळे २०२१ नंतर आली, तेव्हा हा गोंधळ बराच कमी झाला. गेला मात्र नाही.

खरी भांडणे होतात शर्यतीच्या अंतिम रेषेवर. ‘दहा किलोमीटर म्हणे! माझ्यात दहा पॉइंट एकोणीस दाखवतंय.’ संयोजकांनी अंतर चुकवले, आपली वेळ बिघडवली, ही तक्रार दरवर्षीची. घड्याळ दोन दशांश स्थळे दाखवते, त्यामुळे ते खोटे बोलेल असे वाटत नाही. आपली चूक किती हे मात्र ते पडद्यावर कधीच लिहीत नाही.

नामांकित रस्ता-शर्यतीचा मार्ग जीपीएसने मोजत नाहीत. तो मोजतात सायकलने. पुढच्या चाकाच्या आसावर जोन्स काउंटर नावाचा एक लहानसा यांत्रिक गणक बसवलेला असतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अॅलन जोन्स या अभियंत्याने तो तयार केला. मोजणी सुरू करण्याआधी रस्त्याचा एक सरळ, निदान तीनशे मीटरचा तुकडा पोलादी टेपने मोजायचा. टेपला ठरावीक ताण द्यायचा आणि तापमान पाहून दुरुस्ती करायची. मग त्या तुकड्यावर सायकल नेऊन चाकाचे प्रमाण काढायचे आणि मोजणी संपल्यावर पुन्हा तपासायचे, कारण ऊन वाढले की टायरमधली हवाही फुगते. मार्ग मोजताना सायकल वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून न्यायची, म्हणजे शक्य तेवढ्या जवळच्या वाटेने. शेवटी अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग मुद्दाम जास्त धरायचा. दहा किलोमीटरचा मार्ग त्यामुळे प्रत्यक्षात दहा मीटर लांब आखलेला असतो.

उरलेले मीटर धावणाऱ्याचेच. तो पाण्याच्या टेबलाकडे तिरका जातो, हळू चालणाऱ्या जथ्याला वळसा घालतो, वळणावर बाहेरची कड धरतो. त्यात घड्याळ दर सेकंदाला आपली दोनचार मीटरची चूक मिसळते, आणि ठिपके जोडत गेलेली रेषा नागमोडी, म्हणून लांब होते. अनुभवी धावपटू आता घड्याळाची आपोआप पडणारी लॅप बंद ठेवतात आणि रस्त्याकडेचा किलोमीटरचा फलक दिसला की स्वतः बटण दाबतात.